टेबल क्रमांक तीनच्या संगणकाने नाव कोणाला विचारावे

प्रति,
मा. मुख्य नियंत्रण अधिकारी,
रुग्णवाहिका नियंत्रण कक्ष,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

(तांत्रिक शाखेमार्फत न पाठवता थेट सादर. कारण परिच्छेद ५ मध्ये दिले आहे.)

विषय : दोन इंटरनेट जोडण्या असलेल्या टेबल क्र. ३ वरील संगणकाने कोणते नाव कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारावे, याबाबतची एक ओळ बदलण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) तांत्रिक शाखेचे अर्जदारास दिलेले ताकीदपत्र.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज.
३) दि. ९ ऑक्टोबर रोजी दुपारी २ वाजून १२ मिनिटांनी आलेला फोन.

महोदय,

१. अर्जदार हा अकरा वर्षे दुसऱ्या पाळीत टेबल क्र. ३ वर संगणक चालक होता. फोन आला की जवळची रुग्णवाहिका पाठवायची आणि ती कोणत्या रुग्णालयात न्यायची ते चालकाला सांगायचे, हे त्याचे काम. गेल्या महिन्यापासून त्यास तळमजल्यावर जुन्या नोंदींच्या खोलीत बसवले आहे. तेथे टेलिफोन नाही. अर्जात ‘मी’ लिहू नये, ‘अर्जदार’ लिहावे, असे आवक टपालाच्या लिपिकांनी पहिल्या अर्जाच्या वेळीच बजावले होते. तेव्हा ते अवघड गेले होते, आता सोपे जाते. त्या माणसाबद्दल लिहिताना फारसे काही वाटत नाही.

२. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही, म्हणून मागणी आधीच सांगतो. अर्जदारास टेबल परत नको. बदली रद्द व्हावी असेही त्याचे म्हणणे नाही. टेबल तीनच्या संगणकात एक ओळ बदलायची आहे. बदलायला दोन मिनिटे लागतात आणि पासवर्ड तांत्रिक शाखेकडे आहे. पुढील मजकूर ती ओळ कोणती व का, एवढ्यापुरताच आहे. तो लांबला असल्यास क्षमा असावी.

३. सदर संगणकाला दोन जोडण्या आहेत. निळी केबल कक्षाची आतली. तिच्यावरून ‘खाटा’ हा फलक, कक्षात फक्त याच टेबलावर, उघडतो, म्हणजे कोणत्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या किती खाटा या घटकेला रिकाम्या आहेत, ते दिसते. पिवळी केबल बाहेरची. तिच्यावरून नकाशा चालतो आणि फोन करणारा कोठे उभा आहे ते कळते. दोन्हींशिवाय टेबल चालत नाही. एकीवरून माणूस सापडतो, दुसरीवरून त्याला कोठे न्यायचे ते ठरते.

आता संगणकाला नाव कळत नाही, आकडा कळतो. म्हणून कोणतेही नाव टाकले की तो आधी एका सर्व्हरला विचारतो, याचा आकडा काय. या सांगणाऱ्याला डीएनएस म्हणतात. आमच्याकडे असे दोन आहेत. आतला सर्व्हर तळघरात, जुना, सांगायला अर्धा सेकंद घेणारा. बाहेरचा कंपनीचा, विचारायच्या आत सांगणारा. जगातली सगळी नावे बाहेरच्याला पाठ आहेत. फक्त आमच्या कक्षातली नावे त्याला माहीत नाहीत, आणि ती त्याला माहीत असण्याचे कारणही नाही. टेबल दोनवरच्या ताई, ज्या या कक्षात अर्जदाराच्याही आधीपासून आहेत, त्या म्हणाल्या होत्या, “अहो, आपल्या घरात खाटा किती ते रस्त्यावरच्याला विचारून कसं चालेल?” तांत्रिक शाखेच्या बत्तीस पानी पुस्तिकेत जे नाही ते या एका वाक्यात आहे, असे अर्जदाराचे नम्र मत आहे.

४. नऊ-दहा महिन्यांपूर्वी पिवळी केबल आली आणि त्या दिवसापासून फलक उघडेना. अर्जदाराने शोध घेतला असता असे दिसले की, जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाने वेगाच्या लोभाने बाहेरच्या सर्व्हरला पहिला क्रमांक दिला होता व आतल्याला दुसरा. तेव्हा अर्जदाराने संगणकात एक नियम लिहिला: ज्या नावाच्या शेवटी ‘कक्ष’ आहे ते नाव आतल्याला विचारावे, बाकी सर्व बाहेरच्याला. एक ओळ. त्यानंतर चार महिने दोन्ही गोष्टी सुरळीत चालल्या. कोणी शाबासकी दिली नाही, पण चालू असलेल्या यंत्राबद्दल शाबासकी कोण देतो? तशी अपेक्षाही नव्हती.

चार महिन्यांनी तपासणी पथक आले. त्यांच्याकडे वेग मोजण्याचे यंत्र होते. आतला सर्व्हर अर्धा सेकंद घेतो हे त्यांनी मोजले व ‘अनधिकृत बदल’ असा शेरा मारून ती ओळ पुसली. पासवर्ड बदलला. दोन्ही केबलींच्या टोकांवर कागदी सील चिकटवले. अर्जदारास ताकीदपत्र मिळाले, त्यात लिहिले आहे की परवानगीशिवाय केबल काढल्यास अगर संगणकात बदल केल्यास सेवा समाप्त करण्यात येईल. पथकप्रमुख माणूस वाईट नव्हता. जाताना त्याने अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, “तुमचं बरोबर असेलही हो, पण आमच्या तक्त्यात ते बसत नाही.”

५. अर्जदाराने तांत्रिक शाखेस पहिला अर्ज केला. उत्तर आले की बाहेरचा सर्व्हर अधिक वेगवान आहे, सबब तक्रारीत तथ्य नाही. दुसऱ्या अर्जात अर्जदाराने लिहिले की वेगाबद्दल वाद नाही. भलत्या घराचा पत्ता भराभर सांगणाऱ्यापेक्षा योग्य घराचा सावकाश सांगणारा बरा. त्यावर उत्तर आले की संगणकात दोन्ही सर्व्हर नमूद आहेत, पहिल्याकडून उत्तर न आल्यास दुसऱ्यास विचारले जाते, सबब तक्रार निराधार.

मेख येथेच आहे, म्हणून आपण एवढा एक भाग कृपया सावकाश वाचावा. पहिल्याकडून उत्तर आले नाही तरच संगणक दुसऱ्याला विचारतो. पण पहिला कधी गप्प बसतच नाही. त्याला नाव माहीत नसले की तो तत्परतेने सांगतो, ‘असे काही अस्तित्वात नाही.’ हे उत्तरच आहे. संगणक ते खरे धरतो आणि तेथेच थांबतो. तळघरातला जाणकार मग कितीही योग्य सांगणारा असो, त्याच्यापर्यंत प्रश्नच जात नाही. माहीत नसणे आणि नसणे यांतला फरक बाहेरच्या सर्व्हरला कळत नाही, आणि त्याचे ऐकणाऱ्या संगणकालाही कळत नाही. तिसऱ्या अर्जात अर्जदाराने हेच आकृती काढून समजावले होते. त्यास उत्तर आले नाही. शाखेत चौकशी केली असता प्रत्येकाने कानावर हात ठेवले. म्हणून हा अर्ज थेट आपणांस.

६. मधल्या काळात काम थांबवता येत नव्हते. पिवळी केबल उपसली की बाहेरचा सर्व्हर गप्प होतो, मग नाइलाजाने संगणक आतल्याला विचारतो आणि फलक उघडतो, हे अर्जदारास माहीत होते. पण सील होते. तेव्हा टेबल दोनवरच्या ताईंनी युक्ती काढली. फलकाचा आकडाच एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला, म्हणजे नाव विचारायलाच नको. तीन पाळ्यांतले सर्व चालक ती चिठ्ठी पाहून आकडा टाकत. चिठ्ठीवर चहाचा डाग पडला होता आणि एक चार नऊसारखा दिसे, पण सवय झाली होती. असे चार महिने निभावले.

दि. ७ ऑक्टोबर रोजी रात्री उशिरा तळघरातली यंत्रे एका कपाटातून दुसऱ्यात हलवली गेली. फलकाचा आकडा बदलला. आतल्या सर्व्हरमध्ये नवा आकडा त्याच रात्री नोंदवला गेला, म्हणजे तेथील लोकांनी त्यांचे काम चोख केले. चिठ्ठीची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. ८ तारखेला कक्षाला सुट्टी होती आणि फोन शेजारच्या कक्षाकडे वळवले होते, ते आपणांस माहीतच आहे. ९ तारखेच्या सकाळी अतिदक्षतेची गरज असलेला एकही फोन आला नाही, त्यामुळे फलक कोणी उघडलाच नाही.

७. दि. ९ रोजी दुपारी २ वाजून १२ मिनिटांनी एका बाईंचा फोन आला. त्यांचे यजमान सुतार, वय बावन्न, कारखान्यात रंधा मारताना छातीत कळ येऊन खाली बसले होते. नकाशा चालू होता, त्यामुळे माणूस लगेच सापडला. रुग्णवाहिका आठ मिनिटांत पोहोचली. तोवर अर्जदाराने आकडा टाकून पाहिला होता, तो लागला नाही. नाव टाकले, ‘असे काही अस्तित्वात नाही’ असे आले. पुन्हा टाकले, पुन्हा तेच आले.

अर्जदाराचा हात पिवळ्या केबलीवर होता. सील म्हणजे कागदाचा तुकडा, नखाने निघाला असता. त्याच वेळी त्यास ताकीदपत्र आठवले. हे तो कोणावर ढकलत नाही. आठवले, आणि त्याने हात काढून तांत्रिक शाखेला फोन केला. तेथील लिपिक म्हणाले, “साहेब जेवायला गेलेत. तुम्ही लेखी द्या, मी आल्या आल्या सही घेतो.” अर्जदाराने लेखी दिले. एक कोरा कागद घेतला, प्रति लिहिले, विषय लिहिला, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असे लिहिले, सही केली, खाली तारीख घातली आणि शिपायाकरवी वर पाठवला. त्यास चार मिनिटे लागली. तो अर्जदाराचा चौथा अर्ज. अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले आहे.

दरम्यान वायरलेसवर चालक विचारत होता, “बोला साहेब, डावीकडं घेऊ का सरळ? चौकात उभा आहे.” डावीकडच्या रुग्णालयाचा फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हते. अर्जदाराने सरळ सांगितले, कारण सरळ गेल्यावरचे रुग्णालय मोठे आहे आणि मोठ्या ठिकाणी एखादी तरी खाट असेल असे माणसाला वाटते. तेथे नव्हती. गाडी मागे वळवली. सुताराच्या बाई गाडीतून फोनवर होत्या. त्या रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या, मधूनमधून एवढेच म्हणत होत्या, “दादा, कुठं न्यायचं तेवढं सांगा.” अर्जदार ‘सांगतो’ म्हणत होता. ध्वनिमुद्रणात ‘सांगतो’ हा शब्द चौदा वेळा आहे. या प्रकरणी नेमलेल्या चौकशी समितीने मोजला आहे.

२ वाजून ४१ मिनिटांनी शिपाई कागद घेऊन खाली आला. त्यावर ‘परवानगी आहे’ असा शेरा व वेळ होती. अर्जदाराने सील काढले, केबल उपसली. सहा-सात सेकंदांत फलक उघडला. डावीकडच्या रुग्णालयापुढे ‘दोन’ असे लिहिलेले होते. गाडी तेथे २ वाजून ५८ मिनिटांनी पोहोचली. सुतार फाटकातच गेले. अर्धा तास आधी आणले असते तर वाचले असते का, या समितीच्या प्रश्नावर तेथील डॉक्टरांनी ‘सांगता येत नाही’ असे लेखी दिले आहे. अर्जदाराने ते वाक्य पुष्कळदा वाचले आहे. ते त्याच्या बाजूचे आहे की विरुद्ध, हे त्याला अजून ठरवता आलेले नाही.

८. त्या दिवसापासून अर्जदारास काही वाटत नाही. ही तक्रार नव्हे, माहिती आहे. जेवतो, झोपही लागते. घरी नळ गळत होता तो दुरुस्त केला, शेजाऱ्यांचाही केला. पत्नीने दोनदा विचारले, “अहो, काहीतरी बोला की. रागवा तरी.” बोलण्यासारखे काही असते तर बोललो असतो, असे अर्जदाराने सांगितले. नंतर ती स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी लावत होती. भांडी आधीच लावून ठेवलेली होती.

दि. २५ रोजी सुताराच्या बाई कक्षात आल्या. अर्जदार कागद घेण्यासाठी वर आला होता. त्याचा आवाज ऐकून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “तुम्हीच ना त्या दिवशी? तुम्ही फोन ठेवला नाहीत. शेवटपर्यंत होतात. मला फार आधार झाला.” त्यांनी हात जोडले. अर्जदाराने त्यांना बसायला खुर्ची दिली व पाणी दिले. यजमानांनी करायला घेतलेले एक कपाट अर्धे राहिले आहे, ते कोणाकडून पुरे करून घ्यावे, याबद्दल त्या बोलत होत्या. अर्जदार ऐकत होता. डावीकडे दोन खाटा रिकाम्या होत्या, हे त्यांना ठाऊक नाही. अर्जदाराने सांगितले नाही. चौकशी चालू असताना नातेवाइकांशी त्याबाबत बोलू नये असा आदेश आहे, आणि या वेळी तो आदेश पाळायला अर्जदारास बरे वाटले. एवढी एकच गोष्ट त्यास वाटली. ती चांगली नाही हे त्याला कळते. तरी त्या बाईंना खरे काय घडले ते कळवले जावे. कोणी कळवायला धजत नसेल तर अर्जदार जाऊन सांगेल, तसे आदेश व्हावेत.

९. दि. १४ नोव्हेंबर रोजी समितीने अर्जदारास बोलावून एक छापील नमुना सहीसाठी दिला. त्यात दोन वाक्ये आहेत. ‘संगणक व त्याच्या सर्व जोडण्या सुस्थितीत होत्या. झालेला विलंब माझ्या हलगर्जीपणामुळे झाला.’ अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात सांगितले की सही केली तर प्रकरण एक वेतनवाढ रोखण्यावर मिटेल, नाही केली तर वर्षानुवर्षे रेंगाळेल, आणि म्हणाले, “पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?” टेबल दोनवरच्या ताई ऐकून भडकल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी देतायत, असे त्या म्हणाल्या. अर्जदार त्यांचा आदर करतो, पण तो संन्यासी नाही. ज्याचा हात केबलीवर होता तो तोच.

१०. आजची स्थिती अशी आहे. टेबल तीनवर आता ताई बसतात. पडद्याच्या कडेला नवी चिठ्ठी आहे, नवा आकडा आहे. बाहेरचा सर्व्हर अजून पहिल्या क्रमांकावर आहे. नवे सील लावले आहे आणि ते आधीच्यापेक्षा जाड आहे. तळघरातली यंत्रे पुढच्या महिन्यात पुन्हा हलवणार असल्याचे सूचनाफलकावर लावले आहे. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोणी फोन करील. ताईंचा हात केबलीकडे जाईल. त्यांना निवृत्तीला चौदा महिने राहिले आहेत आणि ताकीदपत्राची प्रत त्यांच्याही टेबलाच्या काचेखाली ठेवलेली आहे.

११. सबब विनंती की, ‘कक्ष’ने संपणारी नावे आतल्या सर्व्हरला व इतर बाहेरच्याला विचारण्याचा नियम टेबल तीनच्या संगणकात पुन्हा घालण्याचा आदेश आपल्या सहीने व्हावा. आतला सर्व्हर अर्धा सेकंद घेतो. तो घेऊ द्यावा.

तो आदेश होईपर्यंत, टेबलावर जो असेल त्यास पिवळी केबल विनापरवानगी काढता येईल, असे चार शब्द लिहून ताईंच्या काचेखाली ठेवावेत, ताकीदपत्राच्या वर.

१२. समितीचा नमुना अर्जदाराने आठवडाभर जवळ ठेवला होता. दोन्ही वाक्यांखाली सही केली तर प्रकरण मिटते, पण मग संगणक सुस्थितीत होता असे कायमचे ठरते आणि सुस्थितीतल्या यंत्राला पुन्हा कोणी हात लावत नाही. सही न करता भांडत बसले तर निकाल लागेपर्यंत संगणक आहे तसाच राहतो. आज सकाळी अर्जदाराने पहिले वाक्य खोडले, खोडल्याच्या शेजारी आद्याक्षरे केली आणि दुसऱ्या वाक्याखाली पूर्ण सही केली. ते वाक्य खरे आहे. त्याबद्दल जी शिक्षा ठरेल ती मान्य आहे, वेतनवाढ असो की नोकरी. पहिले वाक्य खोटे असल्याने त्याखाली सही करता आली नाही. समितीला कागद अर्धाच स्वीकारता येत नसेल, तर दुसरे वाक्य ठेवून घ्यावे आणि पहिल्याच्या जागी खाली जाऊन संगणक पाहावा.

आज्ञेची वाट पाहण्याची सवय न सुटलेला,
आपला नम्र,

(सही)
अर्जदार
संगणक चालक, दुसरी पाळी,
सध्या जुन्या नोंदींची खोली, तळमजला

दिनांक : २१ नोव्हेंबर

सोबत :
१) पहिल्या दोन अर्जांच्या प्रती व त्यांना मिळालेली उत्तरे.
२) तिसऱ्या अर्जाची प्रत, आकृतीसह.
३) चौथा अर्ज, मूळ, ‘परवानगी आहे’ या शेऱ्यासह. वेळ २.४१.
४) समितीचा नमुना, मूळ. एक वाक्य खोडलेले, एक सही केलेले.